पाठीवर किती घ्यायचे?

१ सप्टेंबर १९२३, शनिवार. उन्हाळ्याची सुट्टी संपून जपानमधल्या शाळांचे दुसरे सत्र त्या दिवशी सुरू झाले होते. पहिलाच दिवस, त्यात शनिवार. बऱ्याच शाळांत सुरुवातीचा छोटा कार्यक्रम झाला आणि मुले घरी परतली. घराघरांत दुपारच्या जेवणाची तयारी चालली होती. कुठे कोळशाच्या शेगड्या पेटलेल्या, कुठे गॅसच्या. अकरा वाजून अठ्ठावन्न मिनिटांनी जमीन हलली.

टोकियोच्या दक्षिणेला सागामीचा उपसागर आहे. भूकंपाचे केंद्र त्या भागात होते आणि त्याची तीव्रता होती ७.९. पहिल्या धक्क्यातून सावरायच्या आत, पाचएक मिनिटांत, आणखी दोन मोठे धक्के बसले. टोकियो, योकोहामा आणि आसपासच्या प्रदेशात मिळून सुमारे १ लाख ५ हजार माणसे मेली किंवा बेपत्ता झाली. यांतली जवळजवळ नऊ दशांश माणसे आगीत गेली. म्हणजे जमीन हलायची थांबली तेव्हा यांतली बहुतेक माणसे जिवंत होती. पुढच्या काही तासांत त्यांनी काय केले, काय बरोबर घेतले, कुठे गेली आणि कोणाचे ऐकले, यावर त्यांचे जगणे-मरणे ठरले.

आपत्तीच्या वेळी बरोबर घ्यायची पिशवी कशी भरावी, याच्या याद्या आता सगळीकडे मिळतात. शाळेत तक्तेही लागतात. पण त्या यादीतली एकेक वस्तू तिथे का आली, हे तक्त्यावर लिहिलेले नसते. ते शोधायला निघालो की आपण १९२३ च्या टोकियोत पोचतो. आणि खरे म्हणजे त्याच्याही मागे जावे लागते.

आधी आगीचे पाहू. टोकियो शहरात एकूण १३४ ठिकाणी आगी लागल्या. त्यांतल्या ५७ लोकांनी आणि बंबवाल्यांनी सुरुवातीलाच विझवल्या. उरलेल्या ७७ पसरत गेल्या. जमिनीखालचे पाण्याचे नळ धक्क्याने तुटले होते, त्यामुळे बंब होते पण पाणी नव्हते. त्यात त्या दिवशी जपानच्या पश्चिम किनाऱ्याजवळून एक वादळ जात होते आणि शहरात जोराचा वारा सुटला होता. घरे लाकडाची, दारे कागदाची, गल्ल्या अरुंद. आगी ३ सप्टेंबरच्या सकाळी विझल्या, तोवर शहराचा ४४ टक्के भाग राख झाला होता.

हे असे होणार हे कोणी सांगितले नव्हते का? सांगितले होते. १९०५ साली इमामुरा आकित्सुने या भूकंपशास्त्रज्ञाने 'ताइयो' नावाच्या मासिकात एक लेख लिहिला. टोकियोला मोठा भूकंप होईल, नळ फुटतील, रॉकेलच्या दिव्यांमुळे आगी लागतील आणि एक लाखाहून अधिक माणसे मरतील, असे त्यांनी मांडले होते. उपायही सुचवला होता: रॉकेलचे दिवे काढून विजेचे दिवे लावा. पुढे एका वर्तमानपत्राने यातला उपाय गाळून भीती तेवढी छापली. लोक घाबरले. तेव्हा इमामुरांचेच वरिष्ठ, प्राध्यापक ओमोरी फुसाकिची, यांनी हे सगळे निराधार आहे असे जाहीर केले. ओमोरींचा हेतू वाईट नव्हता. शहरातली घबराट त्यांना थांबवायची होती. पण त्यामुळे इमामुरांवर खोटारडेपणाचा शिक्का बसला तो १९२३ पर्यंत. भूकंप झाला त्या दिवशी ओमोरी ऑस्ट्रेलियात सिडनीला होते आणि तिथल्या वेधशाळेत भूकंपमापकासमोर उभे होते. सुई हलताना त्यांनी पाहिली. आजारी अवस्थेतच ते परतले आणि नोव्हेंबरमध्ये वारले.

आता सामानाकडे येऊ. आग येते आहे म्हटल्यावर माणूस काय करतो? घरातले किडूकमिडूक वाचवायला बघतो. टोकियोतल्या लोकांनीही तेच केले. गाद्या, कपड्यांनी भरलेली कपाटे, पेटारे, भांडी. हातगाड्यांवर जेवढे मावेल तेवढे लादून लाखो माणसे रस्त्यावर आली. गाड्या पुलांवर अडकल्या, एकमेकींत गुंतल्या. मागून आग आणि समोर गाड्या.

यात नवे काही नव्हते, हेच दुःख आहे. टोकियोचे जुने नाव एदो. १६५७ साली एदोत प्रचंड आग लागली होती. त्या काळी श्रीमंतांच्या घरी चाके लावलेले मोठाले लाकडी पेटारे असत. आग लागली की कपडालत्ता त्यात भरायचा आणि पेटारा ढकलत पळायचे. आपत्तीच्या वेळी बरोबर न्यायची ही पिशवीच म्हणायची, आणि तिच्यामागचा विचार तर्काला धरूनच होता. पण सगळ्यांनी एकाच वेळी पेटारे बाहेर काढले तेव्हा रस्ते बंद झाले आणि माणसे पळू शकली नाहीत. एका घराला सोयीची असलेली वस्तू सगळ्या गावाच्या मुळावर आली. पुढे त्या शतकातच चाकांच्या पेटाऱ्यांवर बंदी आली. अडीचशे वर्षांनी पेटाऱ्यांची जागा हातगाड्यांनी घेतली होती.

सुमिदा नदीच्या पूर्वेला होंजो नावाचा दाटीचा भाग होता. तिथे सैन्याचे कपडे शिवणारा कारखाना होता, तो दुसरीकडे हलवला होता आणि जागा मोकळी पडली होती. सहा-सात हेक्टरचे मैदान. आगीपासून दूर, मोकळ्या जागेत जावे हे सगळ्यांना कळत होते. दुपारपर्यंत तिथे सुमारे ४० हजार माणसे जमली आणि त्यांच्याबरोबर त्यांचे सामान. बसायला जागा नाही इतकी गर्दी झाली. चारच्या सुमारास आजूबाजूची आग तीन बाजूंनी जवळ आली. ठिणग्या सामानावर पडल्या. कापूस, कपडे, लाकूड हे सगळे जळण माणसांनी स्वतःच मैदानाच्या मधोमध आणून रचलेले होते. त्यातच आगीचा भोवरा आला. भोवतालची हवा तापून वर जाते, तिची जागा घ्यायला बाजूने वारा आत घुसतो, त्याला फिरकी मिळाली की ज्वालांची वावटळ तयार होते. आपल्याकडे वैशाखात मैदानावर धुळीची वावटळ उठते, तसेच हे, पण ज्वालांचे आणि माणसे उचलून फेकणारे. त्या एका मैदानावर सुमारे ३८ हजार माणसे मेली.

वर्गात हा आकडा सांगताना मला नेहमी अडखळायला होते. मुले विचारतात, "मग मैदानात जायचे की नाही?" जायचेच. पण सामानाशिवाय. मोकळी जागा मोकळी राहिली तरच ती मोकळी जागा.

या भोवऱ्यांचा अभ्यास पुढे तेरादा तोराहिको या भौतिकशास्त्रज्ञाने केला. भूकंपाच्या वेळी तेरादा उएनो भागात एका चित्रप्रदर्शनात चहा घेत बसले होते. खुर्ची हलायला लागल्यावर इतरांची पळापळ झाली आणि हे गृहस्थ बसल्या जागी इमारतीची डुलण्याची लय मोजत राहिले. एका हेलकाव्याला चार-पाच सेकंद लागत होते, असे त्यांनी नोंदवून ठेवले आहे. त्यांचे अनुकरण करा असे मी मुलांना सांगणार नाही! पण त्यांनी नंतर जे लिहिले ते आपल्या विषयाच्या अगदी गाभ्याचे आहे. त्याकडे येण्याआधी दुसरी एक घटना सांगितली पाहिजे.

भूकंपानंतर टोकियोतल्या बहुतेक वर्तमानपत्रांच्या कचेऱ्या आणि छापखाने जळाले. तारा तुटल्या, टेलिफोन बंद झाले. जपानमध्ये रेडिओचे प्रसारण १९२५ साली सुरू झाले, म्हणजे त्या वेळी रेडिओही नव्हता. घरे गेलेली, माणसे हरवलेली, रात्रभर आकाश लाल, आणि खरी बातमी कुठूनच येत नाही. अशा वेळी अफवा आल्या. कोरियन लोक विहिरींत विष टाकत आहेत, आगी लावत आहेत. कोरिया तेव्हा जपानच्या ताब्यात होता आणि बरेच कोरियन कामगार शहरात राबत होते. वस्त्यावस्त्यांत लोकांनी रखवालदारांच्या टोळ्या केल्या, काठ्या-भाले घेऊन नाके अडवले. बोलण्याची ढब वेगळी वाटली की माणूस संपवला. काही ठिकाणी पोलीस आणि सैनिकही यात होते. हजारो कोरियन माणसे मारली गेली. चिनी मारले गेले, आणि ज्यांचे उच्चार वेगळे वाटले असे काही जपानीही. भूकंपाने यांना मारले नव्हते, आगीनेही नाही.

तेरादांनी १९२४ साली अफवांवर एक छोटा लेख लिहिला. त्यांनी सुरुवात केली ती रसायनशास्त्राच्या प्रयोगाने. एका लांब नळीत हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांचे मिश्रण भरा आणि एका टोकाला ठिणगी टाका. ज्योत नळीच्या दुसऱ्या टोकापर्यंत धावत जाते. पण मिश्रणातले प्रमाण एका मर्यादेबाहेर नेले, तर ठिणगी पडली तरी ज्योत पुढे सरकत नाही, जागीच विझते. अफवेचेही तसेच. ठिणगी कोणीतरी टाकतो हे खरे, पण ती पसरते ती मधल्या मिश्रणामुळे. आणि ते मिश्रण म्हणजे आपण नागरिक. मग ते विचारतात: शहरात विहिरी किती? पाणी प्राणघातक होण्याइतके विष एका विहिरीला किती लागेल? ते आणायचे कुठून, वाहून न्यायचे कसे, त्याला माणसे किती लागतील? एवढा हिशेब मनात केला असता तरी अफवा जागीच थबकली असती.

हा हिशेब आठवी-नववीच्या वर्गात जरूर करून पाहा. समजा विहिरीची त्रिज्या १ मीटर आणि पाणी ३ मीटर खोल. घनफळ सुमारे ९.४ घनमीटर, म्हणजे ९,४०० लिटर. समजा २०० मिलिलिटरच्या पेल्यात पाव ग्रॅमाच्या जरा खाली, ०.२ ग्रॅम विष लागते. म्हणजे लिटरला १ ग्रॅम. एका विहिरीला ९.४ किलो, हजार विहिरींना ९ टनांहून जास्त! शहर जळत असताना, गर्दीतून, कोणाच्या नजरेस न पडता? मुलांना घनफळाच्या सूत्राचा याहून चांगला उपयोग मी तरी पाहिलेला नाही.

असे डोके ठिकाणावर ठेवणारे लोक त्याही वेळी होते. योकोहामातल्या त्सुरुमी भागातले पोलीस अधिकारी ओकावा त्सुनेकिची यांनी सुमारे ३०० कोरियन लोकांना पोलीस ठाण्यात आसरा दिला. बाहेर जमाव जमला होता. विषारी म्हणून आणलेले पाणी त्यांनी सगळ्यांसमोर पिऊन दाखवले, असे सांगतात. आणि कांदा भागातल्या इझुमिचो-साकुमाचो या वस्त्यांनी आगीच्या बाबतीत असाच धीर धरला. चहूकडून आग येत असताना तिथले लोक सामान घेऊन पळाले नाहीत. बादल्यांची साखळी करून, एका पंपाच्या कंपनीतला पंप लावून, तीस तासांहून अधिक वेळ ते झुंजले. जळालेल्या शहराच्या मधोमध त्यांची सुमारे १,६०० घरे उभी राहिली. अर्थात, हे सगळ्यांनाच जमले असते असे नाही. त्यांच्याजवळ पाणी होते आणि पंपही होता.

भूकंपाचा हा दिवस जपानने विसरू दिला नाही. १९५९ च्या सप्टेंबरात इसेच्या उपसागरात आलेल्या वादळाने पाच हजारांवर बळी घेतले, तेव्हा १९६० मध्ये सरकारने ठरवले की १ सप्टेंबर हा दिवस दरवर्षी आपत्ती-निवारण दिन म्हणून पाळायचा. त्या दिवशी शाळांत, कचेऱ्यांत सराव होतात. घराघरांतली पिशवी उघडून तपासायची, तारीख उलटलेल्या वस्तू बदलायच्या. ही पिशवी पाठीवरची असते, कारण दोन्ही हात मोकळे हवेत: एक हात मुलाचा धरायला, दुसरा आधाराला. पुरुषाने जास्तीत जास्त १५ किलो आणि बाईने १० किलो घ्यावे, असा तिथे एक ढोबळ आडाखा सांगत आले आहेत. अनेक शाळांत मुलांच्या खुर्चीवर एक गादी असते. तीच उलगडून डोक्यावर घेतली की जाड टोपडे होते. युद्धाच्या काळात हवाई हल्ल्यांसाठी आयांनी शिवलेल्या टोपड्यांची ती पुढची पिढी. रोज तिच्यावर बसायचे असल्याने ती हरवत नाही आणि माळ्यावरही जात नाही. मला या सगळ्या इतिहासात ही युक्ती सर्वांत आवडते.

आता वजनाचे गणित. माणसाला पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी दिवसाला ३ लिटर पाणी धरतात. तीन दिवसांचे ९ लिटर, म्हणजे ९ किलो. चार माणसांचे ३६ किलो! हे पाठीवर घेऊन कोणी पळू शकणार नाही. म्हणून तयारीचे दोन भाग पडतात, आणि आपल्याकडच्या याद्यांत नेमकी इथेच गल्लत होते. एक, निघताना घ्यायची हलकी पिशवी: एकदोन बाटल्या पाणी, विजेरी, छोटा रेडिओ आणि त्याचे सेल, रोजची औषधे, चष्मा, शिट्टी, थोडे सुटे पैसे, कागदपत्रांच्या झेरॉक्स प्रती प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून, एक जोडी कपडे. दुसरा, घर उभे राहिले तर घरात लागणारा साठा: पाणी, कोरडे खाणे, काड्यापेट्या. तो वेगळा ठेवून विसरून जायचा नाही. रोजच्या वापरातून काढायचा आणि तेवढाच भरायचा. आपल्या आज्या डाळ-तांदळाचे हेच करत असत.

विजेरी मेणबत्तीऐवजी का? गळणाऱ्या गॅसमुळे. रेडिओ का, हे वर आलेच. मोबाइल असला तरी रेडिओ हवा, कारण मनोरे बंद पडतात आणि बॅटरी उतरते. शिवाय अफवा तर मोबाइलवर जास्तच वेगाने पळते. शिट्टी आणि चपला कशाला, याचे उत्तर कोबे शहराने दिले.

१७ जानेवारी १९९५, पहाटे ५ वाजून ४६ मिनिटे. कोबेत ६,४३४ माणसे गेली. बहुतेक जण झोपेत, कोसळलेल्या घरांखाली आणि अंगावर पडलेल्या कपाटांखाली. जे वाचले त्यांच्या पायांखाली अंधारात काचा होत्या. म्हणून बिछान्याजवळ बूट-चपला ठेवायच्या. ढिगाऱ्याखालून जिवंत निघालेल्यांतल्या बहुसंख्य लोकांना घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनी बाहेर काढले. बंबवाले पोचायच्या आत. ओरडून ओरडून घसा बसतो, धूळ आत जाते; शिट्टीला फुंकर पुरते. आणि एक नवीनच गोष्ट कळली. काही आगी भूकंपानंतर कित्येक तासांनी लागल्या. लोक घर सोडून गेले होते, वीज परत आली, आणि उलटलेल्या हीटरमुळे किंवा तुटलेल्या तारेमुळे रिकाम्या घराने पेट घेतला. तेव्हापासून घर सोडताना मेन स्विच बंद करा, हे वाक्य यादीत आले. पुराचे पाणी शिरलेल्या घरातही तेच, आणि परतल्यावर तज्ज्ञाने तपासल्याशिवाय स्विच चालू करायचा नाही.

आपल्याकडचे दोन दाखले द्यायलाच हवेत. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, पाठोपाठ खडकवासल्याचेही, आणि पुण्यात पूर आला. पूर ओसरला तेव्हा पुणेकरांपुढे प्रश्न होता तो पिण्याच्या पाण्याचा! शहराच्या नळांना पाणी खडकवासल्याच्या तलावातून येत असे, आणि तलावच रिकामा झाला होता. पुरानंतर पाणी मुबलक असते, पिण्याजोगे नसते. ते फडक्यातून गाळून, खळखळून उकळूनच प्यायचे. गढूळ पाण्यात क्लोरिनचे थेंब नीट काम करत नाहीत, म्हणून आधी निवळू द्यायचे.

दुसरा दाखला किल्लारीचा. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटे. गणपती विसर्जनाची रात्र सरत होती. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे आठ हजार माणसे मेली. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वर मातीचे जड माळवद, हे सगळे झोपलेल्या माणसांवर आले. तिथे दाराजवळ कितीही चांगली पिशवी टांगलेली असती तरी तिचा काही उपयोग नव्हता. पिशवीची पाळी येते ती घराने आपल्याला बाहेर पडू दिल्यानंतर. म्हणून वर्गात यादी करायला घेण्याआधी मुलांना आपापल्या घराच्या भिंती आणि छप्पर पाहून यायला सांगा. डोक्याच्या बाजूला कपाट आहे का, माळ्यावर जड काय आहे, दार अडेल असे काय ठेवले आहे, एवढे टिपून आणले तरी पुष्कळ.

मग पिशवी. प्रत्येकाने दहा वस्तू कागदावर लिहायच्या. त्यांची अंदाजे वजने मांडून बेरीज करायची, आणि शेजारच्याने त्यातल्या तीन वस्तू खोडायच्या, प्रत्येक वेळी कारण सांगून. आमच्या वर्गात एका मुलीने स्वतःच्या रोजच्या दप्तराचे वजन आधी केले. ते तिच्या आपत्तीच्या पिशवीपेक्षा जास्त भरले.

होंजोच्या त्या मैदानावर आज योकोआमिचो नावाची बाग आहे. १९३० साली तिथे स्मारक उभारले, त्यात त्या आगीत गेलेल्यांच्या अस्थी ठेवल्या आहेत. शेजारी एक छोटे संग्रहालय आहे. लोकांनी घरातून उचललेल्या वस्तूंपैकी काही तिथे पाहायला मिळतात, वितळून एकमेकींत मिसळलेल्या, ओळखू न येणाऱ्या.